लिफ्ट, वर्गणी आणि सामायिक मालकी

(म्हैसूर येथील मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या कौटुंबिक मेळाव्यात रेल्वे युनियनच्या शाखा सचिवांनी केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी महागाई भत्त्यावर किंवा पेन्शनवर बोलेन अशी तुमची अपेक्षा असेल. ते विषय आपले आहेतच, आणि त्यावर आपण गेट मीटिंगमध्ये नेहमी बोलतो. आज मी घरावर बोलणार आहे. कारण गेल्या वर्षभरात युनियन ऑफिसात माझ्याकडे जेवढे लोक बदलीसाठी आले, जवळजवळ तेवढेच फ्लॅटचे कागद घेऊन आले. रिटायरमेंट दोन-तीन वर्षांवर आलेली, क्वार्टर सोडावे लागणार, ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचे पैसे हातात येणार, आणि म्हैसूरची हवा चांगली म्हणून इथेच राहायचे मनात. बेळगाव, खानापूर, लोंढ्याकडून नोकरीसाठी आलेली आपली माणसे आता इथलीच झाली आहेत. मुले इथे शिकली, कन्नड आपल्यापेक्षा चांगले बोलतात. तेव्हा घर इथेच होणार, हे उघड आहे.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही. वकील तर मुळीच नाही. पण आठ वर्षांपूर्वी हाऊस बिल्डिंग ॲडव्हान्स काढून मी या शहरात फ्लॅट घेतला, आणि त्या आठ वर्षांत जे शिकलो ते बऱ्याच अंशी चुका करून शिकलो. त्यातली सर्वांत मोठी चूक आधी सांगतो.

आमची इमारत तळमजला अधिक तीन मजले अशी आहे. एकूण चोवीस फ्लॅट. बारा लहान, आठशे चौरस फुटांचे. बारा मोठे, बाराशेचे. मी तळमजल्यावर, लहान फ्लॅटमध्ये. लिफ्ट बंद पडली आणि दुरुस्तीचा अंदाज आला सहा लाख रुपये. माझ्या वाट्याला वीस हजार. मी सभेत उठून म्हणालो, "मी तळमजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये आठ वर्षांत आठ वेळासुद्धा चढलेलो नाही. मी पैसे का द्यावे?" भाषणाची सवय असल्यामुळे मुद्दा जोरात मांडला गेला. तळमजल्यावरच्या बाकी पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. मग पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आम्हीही जिन्यानेच जातो. मग दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, ते देत नसतील तर आम्ही त्यांचा बोजा का उचलावा? लिफ्ट चार महिने बंद राहिली.

तिसऱ्या मजल्यावर आमच्याच वर्कशॉपमधले एक रिटायर्ड फिटर राहतात. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. चार महिने ते खाली आले नाहीत. एकदा दवाखान्यात न्यायचे होते, तेव्हा चार जणांनी खुर्चीवर बसवून उतरवले. नोव्हेंबर महिना आला, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. त्यांना बँकेत जाणे शक्य नव्हते. टपाल खात्याची पेमेंट्स बँक हा दाखला घरी येऊन करून देते, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा पोस्टमन आला. खानापूरकडचाच मुलगा, ओळखीचा. पाठीवर पिशवी, हातात अंगठ्याचे यंत्र घेऊन तीन जिने चढला, दाखला करून खाली आला आणि घाम पुसत माझ्या दारात पाणी मागितले. पाणी पिऊन म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, लिफ्टचे पैसे तुम्ही अडवले असे वर ऐकले. खरे नसेल म्हणा. वर्गणी न देता बोनस घेणाऱ्यांना तुम्ही काय म्हणता, ते मी दोन अधिवेशनांत ऐकले आहे."

मित्रहो, तीस वर्षे मी वर्गणीचे पुस्तक घेऊन शेडमधून फिरलो. "मला युनियनचा काय उपयोग?" असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी उत्तर दिले आहे. आणि स्वतःच्या इमारतीत मी त्याच माणसाचे भाषण केले होते.

त्या रात्री मी फ्लॅटची फाईल काढली. जनरल रूल्सचे पुस्तक मला पाठ आहे, पण या फाईलमधला एक जाड दस्तऐवज मी कधी उघडला नव्हता. त्याचे नाव 'डिक्लरेशन'. इंग्रजीत होता. माझ्या मुलीने वाचून अर्थ सांगितला. त्यात आणि त्यामागच्या कायद्यात काय आहे, ते आज तुम्हाला सांगतो.

आपण नक्की काय विकत घेतो?

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या दोन्ही प्रांतांचा आहे. घरांसाठी सहकारी संस्था काढण्याची सुरुवात आपल्या देशात याच जुन्या म्हैसूर संस्थानात झाली. 1909 साली बंगलोर बिल्डिंग को-ऑपरेटिव्ह सोसायटी निघाली. त्यानंतर 1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मध्यमवर्गीय नोकरदारांनी एकत्र येऊन, मालक आणि भाडेकरू हा भेदच मिटवायचा, ही कल्पना. म्हणजे ही चळवळ बिल्डरांनी काढलेली नाही. नोकरदार माणसांनी काढलेली आहे.

पुढे दोन प्रांतांचे रस्ते थोडे वेगळे झाले. म्हैसूर हे साइटचे शहर. 1903 सालीच इथे शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून तीस बाय चाळीस, चाळीस बाय साठ फुटांचे प्लॉट पाडायचे आणि ज्याने त्याने त्यावर आपले घर बांधायचे, ही इथली रीत. इथल्या नोकरदारांच्या गृहनिर्माण संस्थांनीसुद्धा बहुतेक करून साइटच वाटल्या. जमीन ज्याची त्याची, भिंत ज्याची त्याची. मुंबईत जमीनच नाही, म्हणून तिथल्या सोसायट्या मजल्यावर मजला अशा उभ्या राहिल्या. आता म्हैसुरातही साइट आपल्या पगाराच्या बाहेर गेली आणि फ्लॅट आले. पण आपली मनोवृत्ती अजून साइटवाल्याची आहे. माझ्या दाराच्या आत माझे, बाहेर कोण जाणे कोणाचे!

मुंबई-पुण्याच्या सोसायटीत कायदा असा आहे: 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली संस्था नोंदवली जाते. जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते. सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट असते आणि आपल्या गाळ्यात राहण्याचा हक्क असतो. एक सभासद, एक मत.

दुसरी पद्धत अपार्टमेंटची. महाराष्ट्रात त्यासाठी 1970 चा कायदा आहे, कर्नाटकात 1972 चा. दोन्ही बरेचसे एका साच्याचे. इथे फ्लॅटचे मालक तुम्ही स्वतः असता, आणि त्याबरोबर जमीन, पाया, खांब, जिना, गच्ची, लिफ्ट, पाण्याची टाकी या सर्वांत तुमचा अविभक्त हिस्सा असतो. अविभक्त म्हणजे न वाटलेला. हे आपल्या लोकांना समजायला अवघड नाही. गावाकडे एकत्र कुटुंबाची विहीर असते. चार भावांच्या शेताची वाटणी होते, विहिरीची होत नाही. प्रत्येकाचा चार आणे हिस्सा असतो, पण कोणता दगड कोणाचा, हे सांगता येत नाही. इमारतीचेही तसेच. फरक एवढाच की विहिरीसाठी भाऊ कोर्टात वाटप मागू शकतो. इथे सामायिक भागाची वाटणी मागायलाच कायद्याने बंदी आहे.

हा हिस्सा टक्केवारीत डिक्लरेशनमध्ये लिहिलेला असतो. कायद्याप्रमाणे तो फ्लॅटच्या किमतीवरून ठरतो. समजायला सोपे जावे म्हणून मी क्षेत्रफळ धरतो. आमच्या इमारतीचे एकूण चोवीस हजार चौरस फूट. माझे आठशे, म्हणजे 3.33 टक्के. मोठ्या फ्लॅटचा हिस्सा 5 टक्के. सहा लाखांच्या खर्चात माझे वीस हजार, मोठ्या फ्लॅटवाल्याचे तीस हजार. ही टक्केवारी एकदा ठरली की सर्व मालकांच्या संमतीशिवाय बदलत नाही, आणि फ्लॅटपासून वेगळी काढून विकताही येत नाही.

कर्नाटकच्या कायद्यात बहुमतही या टक्केवारीवर मोजले जाते. 51 टक्के किंवा अधिक हिस्सा ज्यांच्याकडे, त्यांचे बहुमत. यात आपण फसतो, कारण आपल्याला हात मोजायची सवय. आमच्याकडे बारा लहान आणि एक मोठा मिळून तेरा हात वर झाले, तर चोवीसमध्ये तेरा म्हणजे बहुमत असे वाटेल. पण त्यांचा हिस्सा भरतो 45 टक्के. ठराव पडला. सभेला जाण्यापूर्वी हा हिशेब करून जा.

मला न वापरणाऱ्या गोष्टीचा खर्च का?

आता माझ्या लिफ्टकडे येतो. कायद्यात सरळ लिहिले आहे की सामायिक सोयीचा वापर मी करत नाही, असे म्हणून कोणत्याही मालकाला खर्चातून सुटका नाही. फ्लॅट बंद ठेवला तरी नाही. महाराष्ट्रात सोसायट्यांचे आदर्श उपविधी आहेत. त्यातही लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी समान द्यायचा, मग लिफ्ट वापरा किंवा वापरू नका. म्हणजे माझा मुद्दा म्हैसुरातही चुकीचा आणि मुंबईतही चुकीचा.

आणि हे न्यायाला धरूनच आहे. गच्ची गळते ती तिसऱ्या मजल्यावर. पण गच्ची सर्वांची. उद्या सांडपाण्याची लाइन तुंबली तर घाण पहिल्यांदा माझ्या तळमजल्यावर येणार. तेव्हा तिसऱ्या मजल्याने म्हणावे का, आमच्याकडे तर येत नाही?

थकबाकी ठेवली तर काय होते, तेही ऐका. सामायिक खर्चाची थकबाकी हा त्या फ्लॅटवर बोजा असतो. सरकारी व नगरपालिकेचे कर आणि पहिले गहाण सोडले, तर इतर सर्व बोजांच्या आधी तो येतो. आणि असा फ्लॅट तुम्ही विकत घेतला, तर जुन्या मालकाच्या बाकीला तुम्हीही जबाबदार ठरता. आपल्या एका गार्डसाहेबांनी रिटायरमेंटच्या पैशातून जुना फ्लॅट घेतला. विकणाऱ्याने मेंटेनन्सचा विषयच काढला नाही. यांनी विचारले नाही. गृहप्रवेशाच्या दुसऱ्या आठवड्यात असोसिएशनने तीन वर्षांची बाकी दाखवली. भांडण दोन वर्षे चालले, शेवटी भरावेच लागले.

क्वार्टरची सवय

आपल्या माणसांची एक खास अडचण आहे. पंचवीस-तीस वर्षे आपण क्वार्टरमध्ये काढतो. नळ गळला, छत गळले, की आय.ओ.डब्ल्यू.च्या ऑफिसात कंप्लेंट लिहायची. माणूस आला नाही तर युनियनकडे यायचे. युनियनने भांडायचे. ही व्यवस्था आपण लढून मिळवली आहे, तिची मला लाज नाही. पण स्वतःच्या इमारतीत आय.ओ.डब्ल्यू. कोण? तुम्हीच. खाते नाही, ग्रँट नाही. जो खर्च आज गोळा केला नाही, तो उद्या दुप्पट होऊन येतो.

म्हणून राखीव निधीचे महत्त्व. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत बांधकामाच्या खर्चाच्या किमान पाव टक्का दरसाल सिंकिंग फंडात आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत टाकायला सांगितले आहे. समजा, तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च, जमीन सोडून, वीस लाख आहे. तर पाच हजार आणि पंधरा हजार, मिळून वर्षाला वीस हजार. महिन्याला सतराशेच्या आत. कर्नाटकात आपण हा आकडा नमुना म्हणून घेऊ शकतो. आमच्या इमारतीत पहिल्यापासून असा निधी असता, तर लिफ्टसाठी कोणाकडे हात पसरावे लागले नसते आणि मला ते शहाणपणाचे भाषण करायची संधीही मिळाली नसती.

तुम्ही म्हणाल, सतराशे रुपये पेन्शनरला जड जातात. जातात. मला मान्य आहे. म्हणूनच फ्लॅट घेण्यापूर्वी फक्त किंमत पाहू नका, दरमहाचा खर्च पेन्शनमधून निघेल का ते पाहा. जलतरण तलाव आणि क्लबहाऊस चित्रात छान दिसतात. त्यांचा खर्चही त्याच टक्केवारीत तुमच्या नावावर येतो, पोहता येत नसले तरी.

दुर्लक्षाची किंमत फक्त पैशात मोजता येत नाही. अमेरिकेत मायामीजवळ सर्फसाइड इथे बारा मजल्यांची अशीच सामायिक मालकीची इमारत होती. 2018 साली इंजिनियरने काँक्रीट खराब झाल्याचा लेखी अहवाल दिला. दुरुस्तीचा खर्च दीड कोटी डॉलरवर गेला. मालकांत वर्गणीवरून वाद झाले, वेळ गेला. 24 जून 2021 च्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला, 98 माणसे गेली. ती गरीब माणसे नव्हती. त्यांच्याकडे कायदा होता, असोसिएशन होती, इंजिनियरचा कागदही होता. आपल्याकडे घाटकोपरला 25 जुलै 2017 रोजी सिद्धी साई ही इमारत पडली, 17 जण दगावले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. म्हणून कायदा सांगतो की इमारतीच्या मजबुतीला धोका होईल असे कोणतेही काम एकट्या मालकाने करायचे नाही. खांब माझ्या स्वयंपाकघरात असला तरी तो माझा नाही. त्याच्यावर वरचे तीन मजले उभे आहेत. महाराष्ट्रात पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचना तपासणी करायला उपविधी सांगतात. आपणही तसा ठराव करून घ्यावा.

टोकन देण्यापूर्वी

आता कामाच्या गोष्टी. ज्यांना लिहून घ्यायचे असेल त्यांनी लिहून घ्यावे.

एक: खरेदीखतात अविभक्त हिस्सा आकड्यात लिहिला आहे का, ते पाहा. सर्व फ्लॅटच्या हिश्शांची बेरीज शंभर टक्के होते का, तेही पाहा.

दोन: कर्नाटकात डिक्लरेशन नोंदवलेले आहे का आणि असोसिएशन कोणत्या कायद्याखाली आहे, हे विचारा. काही ठिकाणी नुसती साध्या संस्थेसारखी नोंदणी करून काम चालवतात. मग थकबाकी वसूल करायची वेळ आली की पाय लटपटतात. यावर हायकोर्टापर्यंत वाद गेले आहेत.

तीन: भोगवटा प्रमाणपत्र, खात्याचा उतारा, कर भरल्याच्या पावत्या आणि बोजा नसल्याचा ई.सी. हे चार कागद मूळ पाहा.

चार: नवीन इमारत असेल तर 2016 च्या रेरा कायद्याखालचा नोंदणी क्रमांक घ्या. या कायद्याने बिल्डरवर असोसिएशन स्थापन करून देण्याची आणि सामायिक भाग तिच्या नावे करून देण्याची जबाबदारी टाकली आहे. बांधकामातला दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा. म्हणून पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी इंजिनियर आणून सगळी इमारत तपासून घ्या. आम्ही हे केले नाही. आमचा बिल्डर चाव्या देऊन गेला आणि आम्ही पेढे वाटले.

पाच: पार्किंग वेगळे पैसे घेऊन विकतात. 2010 साली सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितले की तिथल्या कायद्याप्रमाणे खांबांमधली किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. तो निकाल महाराष्ट्राच्या कायद्यावरचा आहे, पण प्रश्न विचारायचे धैर्य त्यातून घ्यावे.

सहा: जुना फ्लॅट असेल तर असोसिएशनकडून बाकी नसल्याचे पत्र आणि तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागा.

सात: नॉमिनेशन करा. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो फक्त विश्वस्तासारखा असतो. घरात भांडण नको असेल तर मृत्युपत्रही करा. भगिनींना माझी विनंती आहे की खरेदीखतावर आपले नाव घालायला लावा. लाजू नका.

शेवटची गोष्ट कागदाची नाही. इथल्या असोसिएशनच्या सभा कन्नडमध्ये चालतात. "आपल्याला काय कळतंय" म्हणून आपले लोक मागे बसतात आणि नंतर जिन्यात कुरकुर करतात. कन्नड शिका. ज्या गावाचे पाणी पितो त्या गावाची भाषा यायलाच हवी, आणि हिशेब विचारायचा तर ती लागतेच.

मित्रहो, सभा कशी बोलवावी, कोरम म्हणजे काय, मिनिट्स कशी लिहावी, खजिनदाराला हिशेब कसा विचारावा, निवडणूक हरल्यावर काम कसे करावे, हे डॉक्टर-इंजिनियरांपेक्षा आपल्याला जास्त येते. तीस वर्षांची ही विद्या गेटबाहेर टाकून घरी जाऊ नका. ती इमारतीत न्या.

पोस्टमन येऊन गेला त्याच्या पुढच्या रविवारी मी सभा बोलवायला लावली. उभा राहून सांगितले की मी चुकलो, कायद्यानेही आणि युनियनवाला म्हणूनही. वीस हजार एकदम नव्हते, दहा त्या दिवशी भरले, दहा पुढच्या दोन पगारांत. तळमजल्यावरच्या चौघांनी नंतर भरले. एकाने अजून भरलेले नाहीत आणि ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना नोटीस गेली आहे. लिफ्ट जानेवारीत सुरू झाली. फिटरसाहेबांना त्यांच्या मुलाने खाली आणले, ते अर्धा तास गेटजवळ उन्हात बसले. मी शेजारी जाऊन बसलो. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. वर जाताना डाव्या हाताने त्यांनी माझा हात धरला, आणि मी पहिल्यांदा त्या लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो.

वर्गणी देणे म्हणजे काय, हे मला युनियनने शिकवले होते. ते विसरल्याची आठवण मला एका पोस्टमनने करून दिली. रेल्वे आणि टपाल यांची एकजूट आपण नेहमी घोषणेत म्हणतो, ती अशीही असते.

कामगार एकजुटीचा विजय असो!